चमचाभर हिमालय

आमच्या लहानपणी पुण्यात बर्फ तीन ठिकाणी मिळायचा : गोळेवाल्याच्या हातगाडीवर, मासळीबाजारात आणि शेजारच्या काकूंच्या फ्रिजमध्ये. चौथं ठिकाण महाबळेश्वर, हे वर्तमानपत्राने सांगितलं. थंडीत एकदा तरी वेण्णा लेकपाशी उभ्या असलेल्या जीपच्या पांढऱ्या टपाचा फोटो यायचा आणि वर मथळा, ‘मिनी काश्मीर गोठलं’. हा फोटो दरवर्षी नवा काढतात की एकदाच काढून ठेवलाय, असा आईला संशय होता.

बाबा शाळेत शास्त्र शिकवायचे. “बर्फ बघायला काश्मीर कशाला? सातारा जिल्ह्यात आहे की!” असं ते म्हणाले, तेव्हा त्यात शास्त्र थोडं आणि एसटीचं भाडं जास्त होतं. जानेवारीत आम्ही निघालो. सामानात माकडटोप्या, एक भिंग, प्रयोगशाळेतला थर्मामीटर (विचारून आणला होता का, हा विषय घरात कधी निघाला नाही) आणि बर्फ आणायला स्टीलचा डबा. पसरणीचा घाट चढेपर्यंत बाबांनी बेंटलीची गोष्ट सांगितली. अमेरिकेतल्या व्हर्माँटमधला हा शेतकरी. १८८५ साली त्याने सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून हिमकणाचा फोटो काढला आणि मग जन्मभर तेच केलं. पाच हजारांवर फोटो, सगळे षट्‌कोनी, पण एकासारखा दुसरा नाही. “आणि शेती कोण करत होतं?” आईने विचारलं. बाबा खिडकीबाहेर बघायला लागले.

पहिल्या पहाटे लॉजवरून चालत लेकवर पोचलो, तर बर्फाचा पत्ता नाही. थर्मामीटर आठ अंशांवर. बाबा मला जमिनीतून होणाऱ्या उष्णतेच्या उत्सर्जनाबद्दल सांगू लागले. ते संपेना, तेव्हा बांधावर शेकोटीशी बसलेला स्ट्रॉबेरीवाला म्हणाला, “मास्तर, रातच्याला आभाळ आलं हुतं. आभाळ म्हंजी गोधडी. गोधडी घेतल्यावर भुई गारठंल का?” बाबा गप्प झाले. पुढे निवृत्त होईपर्यंत त्यांनी हे वाक्य नववीच्या वर्गाला सांगितलं, स्वतःचं म्हणून.

दुसऱ्या पहाटे आभाळ चांदण्यांनी गच्च आणि वारा पडलेला. बाबांनी छातीपाशी थर्मामीटर धरला. पाच अंश. “पाचला पाणी गोठत नाही,” ते खिन्नपणे म्हणाले. “खाली बघा,” आई म्हणाली. पायाखालचं गवत पांढरं झालं होतं! बाबांनी मांडी घालून थर्मामीटर गवतात ठेवला. पारा घसरत शून्याच्याही खाली गेला. रात्रभर उघड्या आभाळाखाली भुईने आपली ऊब उधळली होती आणि छातीएवढ्या उंचीवरच्या हवेला अजून त्याची खबर नव्हती.

मग भिंग माझ्या हातात आलं. स्ट्रॉबेरीच्या पानाची कड कातरलेली असते. त्या प्रत्येक दातावर साखरेहून बारीक सुया उभ्या होत्या, देठावरच्या लवेला एकेक काच चिकटली होती. श्वास टाकला की समोरचा गाव वितळायचा. म्हणून मी श्वास रोखून बघत राहिलो, आणि शेवटी खोकलो. त्या खोकल्यात अर्धं पान गेलं.

बाबा जेट्टीच्या फळ्यांवरून चमच्याने बर्फ खरवडत होते. वीस मिनिटांत अर्धी वाटी जमली. तेवढ्यात डोंगरावरून ऊन उतरलं आणि समोरचं काश्मीर बघता बघता ओलं झालं. पुण्यात डबा उघडला तेव्हा आत दोन चमचे पाणी, लाकडाची ढलपी आणि एक मुंगी निघाली. बाबांनी ते हिमजल तुळशीला घातलं. तुळस त्याच आठवड्यात वाळली. संबंध नसावा.

खरा हिमालय आम्ही पुढे बऱ्याच वर्षांनी पाहिला. मे महिन्यात मनालीहून रोहतांगला निघालो. वाटेत भाड्याने घेतलेल्या कोटांवर मोठाले आकडे होते; बाबा एकशे बारा, आई सदुसष्ट. कोटाला आधीच्या शंभरएक पर्यटकांचा वास येत होता. जवळजवळ चार हजार मीटर उंचीवर सगळीकडे बर्फच बर्फ, आणि त्यावर घोड्यांची लीद, मॅगीच्या थाळ्या, ‘वहिनी, इकडे बघा’ म्हणणारे आपलेच लोक. मी पडलो, माझ्यावर एक गुजराती कुटुंब पडलं. मजा आली, खोटं कशाला बोलू? पण इतक्या बर्फात नेमकं बघायचं कुठे, ते कळेना.

बाबा मात्र गर्दीपासून लांब, गुडघ्यांवर बसले होते. भिंग डोळ्याला.

“सगळे गोलगोल,” ते तक्रारीच्या सुरात म्हणाले. “एकाला कोपरा नाही!”

“साब, पुराना बरफ है,” घोडेवाला म्हणाला. वितळून पुन्हा गोठलेल्या बर्फात षट्‌कोन कुठून राहणार? बाबांनी चिमूटभर तोंडात टाकला, जरा चघळला.

“वेण्णा लेकचा जास्त बारीक होता,” ते म्हणाले आणि त्यांनी हात पुढे केला. “चमचा आहे का गं?”

आईने काही न बोलता पर्समधून चमचा काढून दिला. डबाही आणला होता.