अहो जावईबापू, ब्रेक!

स्टुटगार्ट,
ऑक्टोबरचा शेवटचा रविवार

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
सा. न. वि. वि.

आधी महत्त्वाचं सांगते. आम्ही चौघंही सुखरूप आहोत, कुणाला खरचटलंसुद्धा नाही. गाडीच्या पुढच्या बंपरला चीर गेली आहे आणि नंबरप्लेट तळलेल्या पापडासारखी वळली आहे, एवढंच. हे फोनवर सांगितलं असतं, तर ‘गाडीला’ या शब्दापुढे बाबांनी मला बोलू दिलं नसतं. म्हणून कागद घेतला. कागदाला मध्येच अडवून ‘गिअर कितवा होता?’ असं विचारता येत नाही.

आज इथली घड्याळं एक तास मागे गेली. आता तुमच्या-आमच्यात साडेतीनऐवजी साडेचार तासांचं अंतर. आई, तू सकाळी सातला देवपूजा उरकून फोन केलास, तर इथे रात्रीचे अडीच वाजलेले असतील, तेवढं सांभाळ.

आता घडलं ते. मागच्या शनिवारी आम्ही बाजार करून आलो. धाकटीला उतरवायला तुमच्या जावयांनी गाडी बिल्डिंगसमोर उभी केली. पुढे कुरिअरची एक व्हॅन होती, ती मागे यायला लागली. येते, येते, येतेच आहे, आणि धप्! ड्रायव्हर उतरला आणि म्हणाला, ‘तुम्हीच मागून येऊन धडकलात.’ मागून धडकणाऱ्याची चूक, असं इथेही आधी धरूनच चालतात. त्याचं जर्मन आमच्या जर्मनपेक्षा वेगात धावत होतं, आम्ही क्रियापद शोधेपर्यंत त्याची चार वाक्यं पुढे गेलेली. पण तुमचे जावई मात्र हसत होते. पत्त्यांत हुकमाचा एक्का हाती असलेला माणूस हसतो तसे. म्हणाले, ‘काचेवर कॅमेरा आहे. संध्याकाळी लॅपटॉपला जोडतो, पाच मिनिटांचं काम.’

बाबा, तो कॅमेरा तुम्हाला आठवत असेल. आरशामागचा काळा डबीसारखा. तुम्ही त्याला ‘कंडक्टर’ म्हणायचात. खालच्या मजल्यावरच्या आजींना तो पहिल्या दिवसापासून नापसंत. ‘रस्त्यावरच्या लोकांचं असं चित्रण करायचं नसतं, डेटाचा कायदा आहे,’ असं त्यांनी आम्हाला जिन्यात थांबवून सांगितलं होतं. जावयांनी मग शोध घेतला. माग्डेबुर्गला दोन गाड्या शेजारशेजारच्या लेनमधून डावीकडे वळताना एकमेकींना घासल्या होत्या. ते भांडण वर जात जात थेट इथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयात पोचलं. मे २०१८ मध्ये निकाल लागला: असं सरसकट चित्रण करत फिरणं डेटाच्या कायद्याविरुद्ध आहे, पण अपघाताचा पुरावा म्हणून ते कोर्टात चालू शकतं. म्हणजे चातुर्मासात कांदा निषिद्धच, पण भजी तळून झालीच असतील तर वाढा. या भज्यांच्या भरवशावर आम्ही होतो.

तर संध्याकाळचं ते पाच मिनिटांचं काम.

आधी केबल. कॅमेऱ्याबरोबर आलेली केबल गाडीतल्या लायटरच्या भोकात जाते. लॅपटॉपला तसलं भोक नसतं. मग केबलींचा डबा काढला. आई, तुझ्याकडे बिस्किटांच्या निळ्या डब्यात सुईदोरा असतो, माझ्याकडे तसल्याच डब्यात केबली असतात, आणि गुंता अगदी तुझ्यासारखाच. त्यातून ब्लूटूथ स्पीकरची केबल निघाली. ती कॅमेऱ्यात बसली, लॅपटॉपमध्येही बसली. कॅमेऱ्याचा दिवा लागला, आणि पुढे काही नाही. लॅपटॉपला कुणी आल्याचा पत्ताच नाही. जावयांनी लॅपटॉप बंद करून चालू केला, केबल उलटी करून पाहिली, शेवटी कॅमेऱ्याला दोन टपल्याही मारल्या.

तेव्हा थोरला म्हणाला, ‘बाबा, ही फक्त चार्जिंगची आहे.’ तेरा वर्षांच्या मुलाने इंजिनिअर बापाला समजावलं ते असं: यूएसबीच्या साध्या केबलमध्ये चार तारा असतात. दोन वीज नेतात, दोन निरोप नेतात. स्वस्तातल्या केबलीत निरोपाच्या तारा घालतच नाहीत. मला एकदम कळलं. डबा पोचतो, चिठ्ठी पोचत नाही. बाहेरून दोन्ही केबली जुळ्या बहिणी, फरक कळायचा तो जोडून बघितल्यावरच. आता थोरल्याने निरोप नेणाऱ्या केबलीला लाल दोरा बांधून ठेवला आहे.

चौथी केबल लागू पडली. ती जुन्या हार्ड डिस्कची होती, लग्नाचे फोटो आहेत ना, तिची. जोडल्याबरोबर कॅमेऱ्याच्या पिटुकल्या पडद्यावर दोन पर्याय आले: ‘मास स्टोरेज’ आणि ‘पीसी कॅमेरा’. आपण कॅमेरा पीसीला जोडतो आहोत, म्हणून जावयांनी दुसरा निवडला. लॅपटॉपवर चित्र आलं. सगळे टाळ्या वाजवणार, तेवढ्यात लक्षात आलं की चित्रात व्हॅन नाही, आमचंच स्वयंपाकघर आहे. फ्रिजवर तुझी लिंबाच्या लोणच्याची बरणी, आणि तिच्यापुढे बनियनवर बसून ‘आलं, आलं!’ म्हणणारे तुमचे जावई. दुसरा पर्याय निवडला की तो कॅमेरा व्हिडिओ कॉलचा कॅमेरा होतो. साठवलेलं बघायचं तर पहिला. मग लॅपटॉप त्याला पेन ड्राइव्हसारखा वागवतो.

पुन्हा काढला, पुन्हा जोडला, पहिला पर्याय निवडला. या वेळी लॅपटॉप बोलला, आणि जर्मनमध्ये बोलला. ई ड्राइव्ह वापरायचा असेल तर आधी ‘फॉर्माटीरेन’ करावं लागेल, करू का? खाली ठळक बटण. जावयांचं बोट त्या बटणाकडे निघालं होतं. इथल्या कचेऱ्यांतून एवढे फॉर्म भरलेत ना, की ‘फॉर्म’ने सुरू होणाऱ्या कुठल्याही शब्दाला माणूस सवयीने होकार देतो. थोरला ओरडला, ‘थांबा! सगळं पुसलं जाईल!’ बाबा, तुमचा नातू आहे. ओरडण्यात वेळ चुकत नाही.

दोष होता तो नीट न बसलेल्या कार्डाचा. ते कार्ड नखाएवढं असतं आणि स्प्रिंगवर बसतं. जरा दाबलं की सुटून बाहेर येतं. जावयांनी जरा जास्तच दाबलं. ते टिचकी मारल्यासारखं उडालं आणि मी शेंगदाणे निवडत होते त्या ताटात पडलं. दहा मिनिटं आम्ही चौघांनी ताट निवडलं. शेंगदाणे इतके स्वच्छ कधी निवडले गेले नव्हते. मग ते कार्ड मोठ्या कार्डाच्या खोळीत घालून थेट लॅपटॉपच्या फटीत सरकवलं, आणि केबलीशिवायच फोल्डर उघडला. म्हणजे तो दीड तासाचा केबलयज्ञ मुळात लागतच नव्हता. हे मी त्या वेळी बोलले नाही. आता तुम्हाला लिहिते आहे.

फोल्डरमध्ये तीन-तीन मिनिटांच्या फाइली, आणि सगळ्यांवर तारीख एक जानेवारी. कॅमेऱ्याच्या आतली बॅटरी संपलेली, त्यामुळे गाडी सुरू केली की त्याचं नवं वर्ष सुरू होतं. आज घरातली सगळी घड्याळं मागे केली, तेवढा तो एक आपला कायमचा जानेवारीत.

जावयांनी एक फाइल उघडली. पडदा काळा. काळाकुट्ट. आणि त्या काळोखातून आवाज आला:

‘अहो जावईबापू, ब्रेक! ब्रेक!’

बाबा, आम्ही चौघंही दचकलो. धाकटी दाराकडे धावली. तिला वाटलं, आजोबा आले.

आवाज येत होता, चित्र येत नव्हतं. कॅमेरा चित्र ज्या नव्या पद्धतीने दाबून साठवतो, ती आमच्या जुन्या लॅपटॉपच्या प्लेअरला उलगडता येत नाही. थोरल्याने व्हीएलसी नावाचा फुकटचा प्लेअर उतरवून घेतला. त्याचं चिन्ह काय आहे सांगू? रस्त्याचं काम चालू असलं की ठेवतात ना, तो केशरी-पांढरा शंकू. म्हटलं, आता योग्य खात्याकडे आलो.

चित्र आलं, पण व्हॅनचं नाही. जूनमधलं. पुढची फाइल उघडली, तीही जूनची. आणखी एक उघडली, पुन्हा बाबा. तेव्हा घोटाळा लक्षात आला. हा कॅमेरा गोल गोल लिहितो. कार्ड भरलं की सर्वांत जुनी फाइल पुसून तिच्या जागी नवी घालतो. पण त्याच्या पोटात धक्का ओळखणारा एक काटा आहे. गाडीला हिसका बसला की त्याला वाटतं अपघात झाला, आणि तेवढ्या फाइलला तो कुलूप लावतो. कुलूपवाली फाइल तो कधीच पुसत नाही. जावयांनी तो काटा कौतुकाने ‘हाय’वर ठेवला होता.

आणि जूनमध्ये तीन आठवडे तुम्ही पुढच्या सीटवर होता. इथे स्टिअरिंग डावीकडे, त्यामुळे तुमची सीट उजवी. ज्या बाजूला बसून तुम्ही तीस वर्षं विनाअपघात एसटी चालवलीत, बरोबर तीच. पायाखाली ब्रेक नाही, हे तुमच्या पायाला शेवटपर्यंत पटलं नाही. प्रत्येक फाइलमध्ये आधी पाय मॅटवर आपटल्याचा धप्प आवाज, मग ‘ब्रेक!’, मग दचकून जावयांनी खरोखर मारलेला ब्रेक, आणि मग कुलूप. आमच्या ताशी तीसच्या वेगमर्यादेच्या गल्ल्यांमध्ये पाटी नसेल तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हा नियम. एका फाइलमध्ये उजवीकडून एक बाई सायकलवर निवांत येते आणि तुम्ही म्हणता, ‘हॉर्न द्या, हॉर्न! ती काय माहेरी चालली आहे का?’ आई, तूही सुटलेली नाहीस. अकरा फाइलींत हिसका तुझा आहे. तू गाडीचं दार एसटीचं लावावं तसं लावतेस.

एकूण कुलूपबंद फाइली १८३. कार्ड त्यांनीच भरलं. शेवटची फ्रांकफुर्ट विमानतळाची: आईने दार लावलं, धाड्, आणि कॅमेऱ्याची जागा संपली. त्यानंतर चार महिने तो गाडी सुरू केली की ‘टुंई टुंई’ करून सांगत होता. आम्हाला वाटलं, सीटबेल्टचं काहीतरी असेल. व्हॅनची एक चौकटही त्याने टिपलेली नाही.

पुढचं ऐका. दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी खालच्या आजींनी बेल वाजवली. त्या आठवड्यात त्यांची ‘केरवोखे’ होती. बाबा, आठवतं ना, इथे बिल्डिंगमधल्या प्रत्येकाने पाळीपाळीने जिना आणि फूटपाथ झाडायचा, आणि झाडण्याला जर्मनमध्ये ‘केरेन’ म्हणतात, हे कळल्यावर तुम्ही ‘म्हणजे केरच की!’ म्हणून किती खूश झाला होता. तर शनिवारी आजी पानं झाडत होत्या. व्हॅन मागे येताना त्यांनी पाहिली, आमची गाडी जागची हलली नव्हती हेही पाहिलं, आणि घरी जाऊन वहीत लिहून ठेवलं: चार वाजून सतरा मिनिटं, व्हॅनचा नंबर, ड्रायव्हरच्या जॅकेटचा रंग. आपल्या गल्लीत ओट्यावर बसणाऱ्या काकूंची आठवण झाली. फरक इतकाच की काकू वही ठेवत नाहीत, त्यांना लागत नाही. आजींनी सही करून दिली आणि व्हॅनवाल्याच्या विमा कंपनीने खर्च मान्य केला.

जाता जाता आजी म्हणाल्या, ‘कॅमेऱ्यात आवाजही टिपता का? माणसांचं बोलणं त्यांना न विचारता टिपणं इथे गुन्हा आहे हं.’ तेव्हा बाबा, कायद्याने पाहिलं तर तुम्ही आमच्यावर १८३ वेळा फिर्याद करू शकता. माइक आम्ही बंद केला आहे.

त्या फाइली मात्र आम्ही या आठवड्यात रोज रात्री जेवताना थोड्या थोड्या ऐकल्या. कॅमेऱ्याला फक्त धक्का कळतो. नेकार नदीकाठच्या द्राक्षमळ्यांतून तुम्ही गप्प बसून बाहेर बघत होता, तो सगळा रस्ता त्याने पुसून टाकला. पण प्रत्येक फाइल तीन मिनिटांची. त्यात धक्का दहा सेकंदांचा, बाकीचा वेळ नुसतं बोलणं. आई टोमॅटोच्या युरोचे रुपये करते आहे. बाबा धाकटीला कराडचा फाटा कसा ओळखायचा ते शिकवताहेत, जणू ती उद्या गाडी घेऊन निघणार आहे. कुणीतरी चकलीचा डबा उघडतं. मग ‘ब्रेक!’

कार्ड रिकामं करायला हवं होतं. जावयांनी सगळ्या १८३ फाइली लॅपटॉपवर उतरवून घेतल्या, एकूण एक उघडतात का ते पाहिलं, आणि मगच कार्ड कॅमेऱ्यात घालून ‘फॉर्माटीरेन’ केलं. बटण दाबायच्या आधी थोरल्याला विचारून. कॅमेऱ्याची तारीखही लावली. पण आतली बॅटरी संपलेलीच आहे, त्यामुळे पुढच्या वेळी गाडी सुरू केली की तो पुन्हा जानेवारीत.

फराळाचं पार्सल अजून पोचलेलं नाही. अनारसे फुटू नयेत म्हणून आईने काय काय गुंडाळलं असेल, याची कल्पना आहे.

पुढच्या जूनमध्ये नक्की या. बाबांनी पुढेच बसायचं. काटा आम्ही ‘लो’वर आणून ठेवला आहे, आता हवं तेवढं ओरडा.

तुमची,
ताई

ता. क. जावई हल्ली चौकात आपोआप ब्रेक मारतात. कुणी काही म्हणालेलं नसतं.