ब्रिस्टल ते बाथ, घंटीसकट

आमचे जावईबापू स्वतःचा रक्तदाब वर्षानुवर्षं मोजत नाहीत, पण टायरमधली हवा दर रविवारी मोजतात. त्यांच्याकडे काटा बसवलेला कंबरेएवढा पंप आहे. आम्ही दोघं मुलीकडे ब्रिस्टलला गेलो तेव्हा त्यांनी स्वतःची रेसची सायकल माझ्यासाठी काढली. "बाबा, तुम्ही पुण्याचे. तुम्हाला काय सांगायचं!" पुण्यानं सायकल सोडली त्याला जमाना लोटला, पण सायकलींचं शहर ही त्याची अब्रू परगावी अजून वटते. मी मान डोलावली. हिला मुलीची सायकल मिळाली, जाड टायरची आणि पुढे बास्केट असलेली, जिच्याकडे मी तेव्हा जरा तुच्छतेनं पाहिलं.

माझ्या सायकलीचं टायर २५ मिलिमीटर रुंद, म्हणजे माझ्या अंगठ्याहून थोडंसंच जाड. त्याच्या कडेला बारीक अक्षरांत 'जास्तीत जास्त १२०' असं छापलेलं होतं. हा आकडा पौंड-प्रति-चौरस-इंचाचा. जावईबापूंनी बरोब्बर १२० भरले. "तसं नेहमी शंभरच भरतो, पण तुमचं वजन बघता..." म्हणाले आणि वाक्य तिथंच सोडून दिलं. आमच्या वेळी हवा अंगठ्यानं बघायची पद्धत होती. मी टायर दाबून पाहिलं. अंगठा दबला, टायर नाही.

ब्रिस्टल ते बाथ ही वाट म्हणजे जुनी रेल्वेलाइन. १९६० च्या दशकात तिच्यावरची प्रवासी वाहतूक बंद पडली, आणि १९७९ ते १९८६ या काळात ब्रिस्टलच्या सायकलवेड्यांनी, पुष्कळसं स्वयंसेवकांच्या अंगमेहनतीवर, तिथं वाट बांधली. 'सायकलबॅग' हे त्यांच्या चळवळीचं नाव. पुढे तिचीच देशभर सायकलमार्ग करणारी 'सस्ट्रान्स' ही संस्था झाली. अंतर १३ मैल, म्हणजे २१ किलोमीटर. आगगाडीला खडा चढ सोसत नाही, त्यामुळे वाट जवळजवळ सपाट. या कार्यकर्त्यांचे इतरही उपकार असतील, मला एवढाच पुरेसा वाटला.

वाट सायकलवाल्यांची आणि चालणाऱ्यांची सामाईक आहे. शिवाय कुत्री, बाबागाड्या, आणि जोडीनं धावत गप्पा मारणाऱ्या बाया. इंग्लंडात नवी सायकल घंटीशिवाय विकता येत नाही. विकत घेतल्यावर मात्र ती सायकलवर ठेवलीच पाहिजे असा कायदा नाही. माझ्या सायकलीवर ती होती. पितळी, बटाटेवड्याएवढी, स्प्रिंगच्या टोकाला चिमुकला हातोडा.

डांबराखालून झाडांची मुळं वर आली होती. पहिल्या उंचवट्यावर घंटी आपणहून वाजली. टिंग.

पुढे चाललेले आजोबा दचकून गवतात उतरले आणि म्हणाले, "सॉरी!" मी म्हणालो, "सॉरी!" तेवढ्यात दुसरं मूळ आलं. टिंग. आजोबा आणखी आत सरकले. मी पूर्ण गवतात उभा आहे तरी याचं समाधान नाही, असं त्यांना वाटलं असणार.

पुण्यात घंटी ऐकून कोणी बाजूला होत नाही. तिथं घंटी म्हणजे निषेध. समोरचा गेल्यावरही वाजवता येते. इथं घंटी म्हणजे विनंती. ती लांबून, हलक्या हातानं, एकदाच करायची, वेग कमी करायचा, आणि शेजारून जाताना 'थँक यू' म्हणायचं. पहिला हक्क चालणाऱ्याचा, आणि त्याला ऐकू येत नसेल हेही धरून चालायचं. हे सगळं मला जावईबापूंनी नीट समजावलं होतं. पण एकशेवीसच्या टायरवर खडीचा दाणादाणा घंटीपर्यंत पोचत होता. हाताचा पंजा घंटीवर दाबून धरावा तर ब्रेक सुटत होता. मी ईस्टन भागातून वाजत-गाजत निघालो, वरात नसलेल्या बँडसारखा.

घंटी ऐकून माणसं काय करतात याचा माझा बराच अभ्यास झाला. आधी कुत्रं वळतं, मग मालक. कुत्रं डावीकडे जातं, मालक उजवीकडे, आणि मधे पट्टा आडवा. आई आणि मूल असेल तर दोघं दोन बाजूंना पांगतात, आणि आपण मधून घुसणार तोच एकमेकांच्या ओढीनं जागा बदलतात. कानात बोंडं घालून धावणारी तरुण मंडळी शेवटपर्यंत ऐकत नाहीत. ऐकू आलं की किंचाळतात. आणि सगळे सॉरी म्हणतात. ज्याच्या अंगावर सायकल येते आहे त्यानंच माफी मागायची, हा काय प्रकार आहे? एकानं तरी "डोळे फुटले का?" असं विचारलं असतं तर जिवाला बरं वाटलं असतं. ही मागून येत होती. तिची घंटी गरीब, सांगितलं तरच वाजणारी. "अहो, किती वाजवताय!" हे वाक्य मात्र तिनं आवश्यकतेपेक्षा जास्त वेळा वाजवलं.

सीटबद्दल लिहायला मला सभ्यतेची मर्यादा आड येते. फिशपाँड्सच्या जुन्या स्टेशनाच्या जागी मी उतरलो आणि बाकाजवळ गेलो. बसलो नाही.

बाकावर गुडघ्यापर्यंत मोजे घातलेले एक म्हातारबुवा चहा पीत होते. त्यांनी माझी घंटी लांबूनच ऐकली असावी. उठले, वाकले, आणि मागचं टायर अंगठ्यानं दाबून पाहिलं. साऱ्या इंग्लंडात मला आपला माणूस भेटला तो इथं. त्यांनी व्हॉल्व्हचा चिमुकला नट सैल केला आणि दांडी दाबली. आपल्याकडच्या वॉलट्यूबची भानगडच नाही. फुस्स! मग पुढचं टायर, पुन्हा अंगठा. पुन्हा फुस्स.

मग त्यांनी शिकवणी घेतली. टणक टायर गुळगुळीत ट्रॅकवर ठीक. खडबडीत वाटेवर ते प्रत्येक खड्याशी सायकल आणि स्वार दोघांना उचलून आपटतं, आणि पायांनी कमावलेली शक्ती हाडं हलवण्यात जाते. मऊ टायर खडा पोटात घेतं आणि पुढे जातं. शर्यतीवालेसुद्धा आता रुंद टायर आणि कमी हवेवर आले आहेत. मागच्या चाकावर वजन जास्त, म्हणून तिथं हवा थोडी जास्त. फार उतरवली तर खड्ड्यात ट्यूब रिमखाली चिमटते आणि साप चावल्यासारखी शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. हवेचं टायर आणणारा डनलॉप बेलफास्टचा, जनावरांचा डॉक्टर. पोराच्या तीनचाकीसाठी केलेला तो उद्योग. पेटंट १८८८ चं. म्हणजे पोराला धक्के बसू नयेत म्हणून बापानं शोध लावायचा, आणि जगानं त्यात दगड होईस्तोवर हवा भरायची!

पुन्हा निघालो. घंटी गप्प. मुळं येत होती, जात होती. मला प्रथमच पक्षी ऐकू आले.

पुढे स्टेपल हिलचा बोगदा लागला. जवळजवळ अर्धा किलोमीटर लांब, आत दिवे, वरून पाण्याचे थेंब. ही आता पुढे होती. लग्नाआधी ही सदाशिव पेठेतून कॉलेजला सायकलवर जायची. लग्नानंतर ती सायकल माझ्या धाकट्या भावाकडे गेली. तिला कोणी विचारल्याचं मला आठवत नाही. बोगद्याच्या मधोमध तिनं घंटी वाजवली. टिंगचा आवाज भिंतीभिंतींवरून फिरत गेला. तो विरायच्या आत तिनं दुसरी वाजवली.

"अगं, पुढे कोणी नाहीये," मी मागून ओरडलो.

"म्हणूनच," ती म्हणाली, आणि तिसरी वाजवली.

मँगट्सफील्डचं छप्पर उडालेलं स्टेशन पाहिलं. बिटनला वाफेचं इंजिन पाहिलं. एव्हन नदी इतक्यांदा ओलांडली की ती एकच आहे यावर विश्वास बसेना.

बाथला कधी एकदा पोचतो असं झालं होतं, कारण तिथं जमिनीतून रोज ११ लाख लिटरहून जास्त गरम पाणी वर येतं, ४६ अंशांचं. शेकायला याहून उत्तम काय? रोमनांचं ते भव्य कुंड खरोखर वाफाळतं. कडेला पाटी आहे: पाण्याला हात लावू नये. हातांचा प्रश्नच नव्हता, पण हे तिथल्या रखवालदाराला कसं समजावणार?

परतीला आगगाडी धरली. डब्यात सायकली उभ्या करायला वेगळी जागा असते. मीही तिथंच उभा राहिलो. ही खिडकीशी बसून केक खात होती. एका मुलानं माझ्याकडे पाहिलं, चटकन उठला आणि जागा देऊ केली. मी जोरात मान हलवून नको म्हटलं.

"सॉरी," तो म्हणाला.