चिमणीवाली बिरवाडी

महाड ते पोलादपूर अंतर वीसेक किलोमीटर. तेवढ्यात खच्चून भरलेल्या एसटीतल्या प्रत्येकाचं तिकीट फाडायचं, सुटे परत द्यायचे, फाट्याफाट्यावर माणसं उतरवायची आणि पोलादपूर स्टँड यायच्या आत हिशेब मोकळा करायचा, यापेक्षा थरारक खेळ जगात नसावा. तो मोबाइलवर आणायचं मी ठरवलं. बाकीच्यांच्या गेममध्ये झोम्बी असतात, माझ्या गेममधला शत्रू म्हणजे सकाळच्या पहिल्या गाडीत पाचशेची नोट काढणारा माणूस.

प्रोग्रामिंग मला पोटापुरतं येतं. चित्रकलेचं म्हणाल, तर एलिमेंटरीला बसू नकोस, असं आमच्या ड्रॉइंगच्या सरांनीच प्रेमाने सुचवलं होतं. संगीतात माझी मजल गणपतीच्या आरतीतल्या झांजेपर्यंत, तीही दुसऱ्या कडव्याला काढून घेतली जायची. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली ‘राजी’ हा गेम काढला, तो बघून ऊर भरून आला होता. पण त्यांच्याकडे चित्रकार होते. माझ्याकडे वायफाय होतं, तेही लाइट असेपर्यंत.

म्हणून फुकटाच्या बाजारात शिरलो. हा बाजार केवढा मोठा आहे! ओपनगेमआर्ट २००९ पासून चित्रं वाटतंय. नेदरलँड्समधला केनी हजारोंनी झाडं, गाड्या, बटणं करून ठेवतो आणि वर म्हणतो, माझं नाव नाही लिहिलं तरी चालेल. आवाज हवे असतील तर बार्सिलोनाच्या पाँपेउ फाब्रा विद्यापीठाने २००५ साली सुरू केलेलं फ्रीसाउंड आहे. तिथे कुणी पावाचा कडक पापुद्रा मोडल्याचा आवाजसुद्धा मनोभावे चढवलेला असतो. आपल्याकडे लोक उसना दिलेला पाटा परत मागतात, आणि इथे माणसं आपली मेहनत रस्त्यावर ठेवून निघून जातात.

अडचण एवढीच, की या दानशूरांपैकी कुणीही आमच्या वाटेवरच्या बिरवाडी फाट्यावर उतरलेलं नाही.

‘खेडं’ म्हणून शोधलं की उतरत्या छपराची टुमदार घरं येतात, प्रत्येकाला चिमणी आणि चिमणीवर बर्फ. बर्फ पुसला, छप्पर लाल केलं, लांबून कौलारू वाटायला लागलं. चिमणी मात्र भिंतीतच चिणलेली निघाली. शेवटी तिच्यावर डिश अँटेना बसवली. झाडं बघावीत तर पाइन. ‘कोकण’ शोधलं की माड आणि समुद्र. महाड-पोलादपूरच्या माणसाला हे दुःख नवीन नाही. गाव सांगितलं की पुणेकर म्हणतात, “वा, बीच जवळच असेल!” आम्ही सह्याद्रीच्या पायथ्याला, समोर प्रतापगडचा डोंगर, बीच कुठून आणायचा? ‘भारत’ शोधलं तेव्हा ताजमहाल, हत्ती आणि पुंगीवाला असा संच निघाला. यांपैकी एकालाही मी आजवर महाड स्टँडवर गाडीची वाट बघताना पाहिलेलं नाही.

बस मिळाली, चांगली लाल मिळाली, पण दार उजवीकडे. ती काढणाऱ्याच्या देशात वाहनं रस्त्याच्या उजव्या अंगाने चालतात, त्यामुळे माझे प्रवासी थेट हायवेच्या मधोमध उतरायला लागले. बस आरशासारखी उलटी केली तर दार डावीकडे आलं आणि नंबरप्लेट उलटी झाली. तिच्यावर चिखल फासला. पावसाळ्यात आमच्याकडे कुणाचीच नंबरप्लेट वाचता येत नाही, त्यामुळे वास्तवाला धरूनच झालं.

अक्षरांचा प्रश्न मला सोपा वाटत होता. मुंबईच्या एक टाइपने केलेले ‘मुक्ता’ आणि ‘बलू’ हे देखणे देवनागरी फॉन्ट खुल्या परवान्यात मिळतात. पण माझ्या जुन्या इंजिनाला पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी काढायची असते, हे कुणी शिकवलेलंच नव्हतं. बिरवाडीची ‘बरिवाडी’ झाली आणि पितळवाडीची ‘पतिळवाडी’. आमच्या घरात त्या पाटीवर बरेच दिवस हसू चाललं, एकाच बाजूने. गोडो या फुकट इंजिनाची चौथी आवृत्ती मार्च २०२३ मध्ये आली, तिला आपली लिपी जुळवता येते. सगळा बाडबिस्तरा तिकडे हलवला तेव्हा पितळवाडी पतीच्या तावडीतून सुटली.

मग परवाने. २००२ च्या डिसेंबरात क्रिएटिव्ह कॉमन्सचे पहिले परवाने आले. त्यांतल्या एका प्रकारात वस्तू फुकट, पण कर्त्याचं नाव लिहायचं. दुसऱ्यात नावासोबत अट, की धंदा करायचा नाही. म्हणजे मी गेम वीस रुपयांना विकला तरी ती वस्तू बाद. नाव लिहायला माझी ना नाही, पण या लोकांची नावं म्हणजे निम्मे आकडे आणि निम्म्या खालच्या रेघा. श्रेयनामावली लग्नपत्रिकेसारखी फुगत गेली, आणि तशीच धास्ती: एखादा चुलता राहिला तर?

संगीतासाठी मात्र आपला कायदा उदार निघाला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी आणि ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झाल्यावर साठ वर्षांनी हक्क संपतो. ‘स्वयंवर’ नाटक १९१६ चं. चाली देणारे भास्करबुवा बखले १९२२ साली गेले, पदं लिहिणारे खाडिलकर १९४८ साली. बालगंधर्वांच्या जुन्या तबकड्यांनाही केव्हाच साठ उलटली. म्हणजे शब्द, चाल, मुद्रण, तिन्ही मोकळं, निदान भारतात. परदेशातले नियम वेगळे आणि मोबाइलचं दुकान जगभर उघडं, म्हणून जपून राहावं लागतं. लावून बघितलं. बालगंधर्व तान घेत होते आणि कंडक्टर दोन रुपये सुटे मागत होता. तान संपेपर्यंत राजेवाडी फाटा मागे पडला. काढून टाकलं.

पावसासाठी तरी परक्याच्या दारात जायला नको होतं. तिकडचा ‘मुसळधार’ ऐकला. असल्या पावसात आमच्याकडे कुणी वाळत घातलेले कपडेही काढत नाही. पत्र्याखाली फोन ठेवला आणि महाडचा अस्सल पाऊस घेतला. हायवेचे ट्रक गाळण्यात रात्री गेल्या, कारण महाडात पाऊस फुकट मिळतो, शांतता पैसे मोजूनही नाही. सावित्री नदीचं चढणारं पाणी मात्र गेममध्ये घेतलं नाही. २२ जुलै २०२१ च्या महापुरानंतर तो आवाज इथे कुणी इफेक्ट म्हणून ऐकत नाही.

राहिली घंटा. फ्रीसाउंडवर चर्चच्या, सायकलच्या, स्विस गाईंच्या गळ्यातल्या घंटांचा सुकाळ. एसटीची दोरी ओढल्यावर ड्रायव्हरच्या डोक्यावर होणारी ती किरटी ‘टिंग टिंग’ नाही. आमच्या आळीतले एक काका कंडक्टर म्हणून निवृत्त झालेत. एका बागायतदाराने भंगारातून बसचा सांगाडा आणून त्यात खताची पोती रचली आहेत, आणि त्यात दोरीसकट घंटा शाबूत आहे, ही खबर त्यांचीच. आम्ही पोत्यांवर चढलो. मी ओढली.

“ही काय घंटा झाली?” काका म्हणाले. “ही तर देवळातली. हो बाजूला.” त्यांनी मनगटाला हलकाच झटका दिला. “ही साधी. आणि आता ही ऐक.” दुसरी तीच, पण कानात शिरणारी. “ही, ड्रायव्हर चहाला रेंगाळला की द्यायची.”

हा आवाज आपणही फुकट वाटायचा, असं मी ठरवलं होतं. वाटायचा तर रीतसर असावं म्हणून मी परवान्याचा कागद पुढे केला.

“सही कशाला? घंटा महामंडळाची, दोरी बागायतदाराची. हात तेवढा माझा.”

“त्या हातासाठीच, काका. उद्या जगात कुणीही वापरेल.”

“वापरू दे. पण एक घंटा थांबायला, दोन निघायला, हे खाली लिही. नाहीतर माणसं पडतील.”

लिहिलं, इंग्रजीत, ठळक. काही महिन्यांनी कुण्या परदेशी मुलाने कळवलं, की त्याच्या भुताच्या गेममध्ये स्मशानाचं फाटक उघडताना आमच्या दोन घंटा वाजतात. काकांना फोनवर दाखवलं. धुकं, थडगी, करकरणारं फाटक, टिंग टिंग.

काकांनी चष्मा वर केला. “मग भुताने तिकीट काढलं का?”

“तसं नाहीये त्यात.”

“नाही कसं? तिकिटं झाल्याशिवाय डबल दिलीच कशी त्याने?”