साडूभाऊंचे वाहनदर्शन

कल्याणचा व्यापार फार जुना आहे. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत ज्या दात्यांची नावे कोरलेली आहेत त्यांत कल्याणचे व्यापारी आढळतात, आणि इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ नामक ग्रीक सागरमार्गदर्शिकेतही ह्या बंदराचा उल्लेख आहे. तेथे दैवयोगाने येऊन लागलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला रवाना केली जात, असे तिचा अज्ञात कर्ता सांगतो. सौद्यासाठी कल्याणात उतरणाऱ्या परस्थाने डोळे उघडे ठेवावेत, हा इशारा अशा रीतीने फार पूर्वीच लेखी स्वरूपात देण्यात आलेला आहे. परंतु ग्रीकांना माल निदान प्रत्यक्ष पाहावा लागे. आमच्या साडूभाऊंनी तो नौपाड्यातील आपल्या घरी, आरामखुर्चीत पडल्या पडल्या, मोबाइलच्या काचेवर पाहिला होता.

साडूभाऊ हे ठाण्याच्या जिल्हाधिकारी कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ. उभी हयात सातबारे, फेरफार, पंचनामे आणि जबाब ह्यांच्या सहवासात गेल्यामुळे, कोणताही इसम स्वखुशीने खरे सांगत नाही, मात्र खोट्या कागदावर सही करण्यापूर्वी तो क्षणभर घुटमळतो, हा मनुष्यस्वभावाविषयीचा एकच सिद्धान्त त्यांनी निवृत्तिवेतनाबरोबर घरी आणला होता. गणपतीला नातवंडांसह कोकणात जाण्याकरिता एखादी जुनी मोटार घ्यावी, अशी दरखास्त आमच्या मेहुणीबाईंनी सादर केली, ती यथावकाश मंजूर झाली, आणि सल्लागार म्हणून माझी नेमणूक करण्यात आली. मोटारीला चार चाके असतात, येथवर येऊन माझे ह्या विषयातील ज्ञान थांबते. परंतु पंचनाम्यास पंच लागतात, आणि पंचाला विषयाचे ज्ञान असलेच पाहिजे अशी सरकारची अट नाही.

जुन्या गाड्यांच्या ऑनलाइन जाहिराती हे एक स्वतंत्र वाङ्मय आहे. त्यात असत्य फारच थोडे असते, हे मी त्याच्या दीर्घ वाचनानंतर नमूद करतो. गाडी ‘एकहाती’ असते, ‘फक्त रविवारी वापरलेली’ असते आणि बहुधा डॉक्टरांची असते. ठाणे जिल्ह्यात जेवढ्या गाड्या डॉक्टरांच्या म्हणून विकावयास निघतात तेवढे डॉक्टर खरोखर असते, तर आजारी पडावयास माणूस उरला नसता. छायाचित्रे विपुल असतात, मात्र एखादी गाडी डावीकडून इतक्या वेळा दर्शन देते की तिची उजवी बाजू कारखान्यातच राहून गेली की काय, अशी शंका यावी. जे सांगितले आहे ते सर्व खरे असते; दोषाचे वास्तव्य न सांगितलेल्या भागात असते.

ह्या न सांगण्याचे करावे काय, ह्यासाठी साडूभाऊंनी १८७२ सालचा करार कायदा बाहेर काढला. त्याच्या १७ व्या कलमाखाली एक घोडा उभा आहे. आपला घोडा सदोष आहे हे ठाऊक असूनही एक इसम तो लिलावात विकतो आणि दोषाविषयी चकार शब्द काढीत नाही. कायद्याच्या मते ही फसवणूक नव्हे. तोच घोडा त्याने नुकत्याच सज्ञान झालेल्या स्वतःच्या कन्येस विकला, तर मात्र बोलणे हे त्याचे कर्तव्य ठरते. आणि गिऱ्हाइकाने ‘तुम्ही नाकारले नाहीत तर घोडा निर्दोष आहे असे मी समजेन’ असे बजावल्यावर विकणारा मूग गिळून बसला, तर ते त्याचे बोलणेच मानावे.

“नुकतीच सज्ञान झालेली कन्या होणे ह्या वयात मला जमणार नाही,” साडूभाऊ गंभीरपणे म्हणाले. “सबब आपण तिसऱ्या घोड्यावर बसायचं.”

त्यांनी फुलस्केप कागदावर एक जबाबनामा तयार केला. गाडीला अपघात झाला होता काय, तीत पाणी शिरले होते काय, मीटर मागे फिरवले होते काय, अशी कलमवार प्रश्नावली होती आणि तळाशी सहीची जागा. परंतु त्याच कायद्याच्या १९ व्या कलमात अशीही मेख मारून ठेवलेली आहे की, साधारण दक्षता बाळगून जे कळू शकले असते त्याविषयीच्या मौनाची तक्रार मागाहून चालत नाही. साधारण दक्षता म्हणजे मिस्त्री, असा अर्थ लावून साडूभाऊंनी उथळसरचे एक मिस्त्री सोबत घेतले. हे अत्यंत मितभाषी गृहस्थ खिशात एक विजेरी आणि रंगाच्या थराची जाडी मोजणारे एक छोटे यंत्र बाळगून होते.

प्रारंभ घोडबंदर रस्त्यापासून झाला आणि तेथे फार वेळ गेला नाही. कासारवडवलीच्या एका गगनचुंबी इमारतीखाली उभी असलेली लाल मोटार एका तरुणाने दाखवली. मिस्त्रींनी यंत्र छतावर टेकवले तेव्हा शंभरावर काही मायक्रॉन असा कारखान्याच्या रंगास शोभेल असा आकडा आला, आणि पुढील उजव्या बाजूस टेकवताच तो एकदम सहाशेच्या पलीकडे गेला.

“टचअप आहे काका, सोसायटीच्या खांबाला जरा घासली होती.”

“लांबी भरलीय,” मिस्त्री म्हणाले, आणि बॉनेट उघडून आतल्या पट्टीवरील वेल्डिंगची ताजी शिवण त्यांनी विजेरीने दाखवली. ती पाहता तो खांब बऱ्याच वेगाने चालत आला असावा. जबाबनामा खिशातून बाहेर काढण्याचीही तसदी साडूभाऊंनी घेतली नाही.

कल्याणची मोहीम रविवारी निघाली. १८५३ च्या १६ एप्रिलला बोरीबंदराहून निघालेली आगगाडी ठाण्यास पोहोचली आणि पुढल्याच वर्षी रूळ कल्याणपर्यंत गेले. तेव्हापासून ह्या दोन शहरांमध्ये जाण्यास मोटारीची गरज काय, असा प्रश्न कोणीही विचारू शकेल, परंतु तो विचारणाऱ्याने रविवारच्या मेगाब्लॉकात ठाणे स्थानकावर उभे राहून पाहावे. आम्ही तिघे लोकलमध्ये प्रविष्ट झालो असे म्हणणे कर्तृत्वाचा खोटा दावा करण्यासारखे होईल. आम्हांला आत नेण्यात आले. कळव्यापासून दिव्यापर्यंत साडूभाऊंचा एक हात जबाबनाम्याच्या संरक्षणार्थ उंच धरलेला होता आणि दुसरा कोणाच्या तरी पिशवीत अडकला होता. आपण मोटार घेतलीच पाहिजे, ह्याविषयीची त्यांची खात्री डोंबिवली येईपर्यंत पूर्णत्वास गेली.

चंदेरी गाडी कल्याणात खाडीच्या बाजूच्या एका इमारतीखाली उभी होती. येथे भूगोलाचे थोडे विवेचन आवश्यक आहे. उल्हास नदी आणि तिला येऊन मिळणारी वालधुनी ह्या दोघींच्या कृपेने कल्याणच्या सखल भागांत पावसाळ्यात पाणी चढते. २६ जुलै २००५ रोजी ते चढले, आणि २७ जुलै २०१९ रोजी, वांगणी-बदलापूरच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकून हजारावर प्रवाशांना बोटींतून काढावे लागले त्या दिवशीही ते चढले होते. अशा वेळी रेतीबंदरच्या तबेल्यांतील म्हशी हाकून गोविंदवाडी वळणरस्त्यावर आणून बांधतात. म्हशींची ही व्यवस्था अनुकरणीय आहे. इमारतीखालच्या मोटारींना कोणी हाकून नेत नाही. त्या आपापल्या जागी उभ्या राहून जे येईल ते स्वीकारतात, आणि मग डेंटर, वायरमन व सुगंधद्रव्यांचे विक्रेते ह्यांच्या हातून पुनर्जन्म पावून छायाचित्रांत झळकतात.

विक्रेते मध्यमवयीन, आर्जवी आणि आतिथ्यशील होते. कोकम सरबत आले. गाडी लखलखीत होती, आणि तिचे दार उघडताच मोगरा, चंदन व लिंबू असे तीन सुवास एकाच वेळी बाहेर आले. मिस्त्रींनी हुंगले व पेला खाली ठेवला.

“तीन कशाला लावल्यात?”

“आमच्या मिसेसला आवड आहे.”

मिस्त्रींनी काही उत्तर न देता चालकाच्या आसनाचा पट्टा धरला आणि तो हळूहळू ओढावयास प्रारंभ केला. वापरताना पट्टा जेवढा बाहेर येतो तेवढा भाग निष्कलंक होता. मिस्त्री ओढीत राहिले, आणि ज्या भागास सूर्यप्रकाश क्वचितच दिसतो तो भाग बाहेर येताच त्यावर एक तपकिरी, सरळ, आडवी रेघ दिसली, जिच्या खालचा पट्टा वाळलेल्या गाळाने ताठ झाला होता. आसनांची कव्हरे नवी घालता येतात, गालिचे बदलता येतात. पट्टा उलगडून धुण्याचे मात्र कोणाच्या मनात येत नाही. नंतर आसनाच्या रुळांवरचा गंज, डिकीत स्टेपनीच्या खालची मऊ रेती आणि डाव्या दिव्याच्या काचेआडचा ओलसर धूसरपणा ह्यांचेही दर्शन झाले. एक गोष्ट मिस्त्रींनी आपणहून सांगितली, ती अशी की, पाण्याने इंजिन बिघडले तर ते तत्काळ कळते व दुरुस्तही होते. वायरिंगच्या जोडांत शिरलेले पाणी मात्र वर्षा-दोन वर्षांनी, भर घाटात, रात्री उत्तर देते.

आता साडूभाऊंचा प्रांत सुरू झाला. त्यांनी विम्याचा कागद मागितला. जाहिरातीत ‘एकही क्लेम नाही’ असे होते, आणि कागदावर नो क्लेम बोनसच्या रकान्यात शून्य होते.

“हा बोनस पहिल्या निर्वेध वर्षानंतर वीस टक्के असतो आणि वाढत वाढत पन्नासवर जातो,” साडूभाऊ चष्मा पुसत म्हणाले. “तुमचा शून्यावर कसा?”

“अहो, मध्यंतरी पॉलिसी भरायची राहून गेली, नव्वद दिवस उलटले की जातो तो.”

हे कायदेशीर होते, खरेही असू शकले असते. साडूभाऊंनी शांतपणे त्या आधीच्या वर्षाची पॉलिसी मागितली. ती सापडेना. तेव्हा त्यांनी खिशातून जबाबनामा काढला, बॉनेटवर पसरला, आणि पाण्याविषयीचे कलम मोठ्याने वाचून बजावले की, आपण नाही म्हटले नाहीत तर गाडीत पाणी शिरले नव्हते असे मी समजेन.

विक्रेत्यांनी पेन घेतले. ते कागदावर टेकवले. आणि साडूभाऊंच्या सिद्धान्तास अनुसरून ते घुटमळले.

“काका, गाडीत पाणी नाही शिरलं,” ते शेवटी म्हणाले. “गाडीच पाण्यात होती.”

मग त्यांनी पेन परत केले आणि, खरोखर व्यथित होऊन, पुढे म्हणाले, “एवढी माणसं येऊन बघून गेली. कोणी विचारलंच नाही.”

मला त्या गृहस्थांचा राग आला नाही. घरात कमरेएवढे पाणी आलेल्या माणसाने गाडीचे तरी पैसे सुटावेत असे का वाटून घेऊ नये? परंतु सहानुभूतीपोटी सरबत घ्यावे, गाडी घेऊ नये.

तेथून आम्ही रिक्षाने डोंबिवलीस निघालो. पत्रीपूल लागला. जुना पूल २०१८ साली पाडला आणि नवा २०२१ च्या जानेवारीत खुला झाला. दरम्यानच्या काळात तेथे अडकून पडलेल्या प्रवाशांच्या आयुष्याचा हिशेब कोणत्याही दप्तरात नाही.

डोंबिवलीचे विक्रेते निवृत्त शिक्षक होते. त्यांनी गाडी दाखवण्यापूर्वी एक दोनशे पानी वही दाखवली. तीत गाडीच्या सर्व इजा तारीखवार लिहिलेल्या होत्या. घरडा सर्कलपाशी रिक्षाने मागून दिलेली धडक, तीसाठी घेतलेला क्लेम, मागल्या दाराचा बदललेला पत्रा, हे सर्व त्यांनी शुद्धलेखन सांगावे तसे वाचून दाखवले. छतावरील रंगाच्या फिकट डागांविषयी त्यांचे म्हणणे असे पडले की, २०१४ च्या जानेवारीत डोंबिवलीत हिरवा पाऊस पडला होता, त्याचा हा परिणाम असावा, “पण हे अनुमान आहे, सिद्ध झालेलं नाही.” २०२० साली एमआयडीसीतील रस्ता गुलाबी झाला तेव्हा चाकांना लागलेला रंग धुतल्यावर गेला, त्याचीही नोंद होती. पंधरा वर्षांची नोंदणी २०२८ साली संपते, हे त्यांनी लाल शाईने लिहून ठेवले होते.

साडूभाऊ अस्वस्थ झाले. प्रश्नावली निरुपयोगी ठरली होती. “इतकं सांगणारा माणूस,” ते माझ्या कानाशी लागून म्हणाले, “काहीतरी फार मोठं लपवत असला पाहिजे.” आणि हीच गोष्ट बाकीच्या गिऱ्हाइकांनाही वाटली असावी, कारण गाडी बरेच दिवस विकली जात नव्हती. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकेरलॉफ ह्यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. विकणाऱ्यास दोष ठाऊक आणि घेणाऱ्यास अज्ञात असला की सर्वच गाड्यांना वाईट गाडीचा भाव येतो आणि चांगल्या गाड्यांचे मालक बाजारातून निघून जातात, असे त्यांनी त्यात दाखवले, आणि २००१ साली नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला. आमचे मास्तर बाजारातून निघून गेले नव्हते, एवढाच त्यांचा अपराध.

मिस्त्रींनी पट्टे ओढले, यंत्र टेकवले, इंजिनाचा आवाज ऐकला आणि वही पडताळून पाहिली. एकही अनुल्लेखित दोष सापडेना, त्यामुळे किंमत पाडण्यास साडूभाऊंना निमित्तच उरले नाही. प्रत्येक इजेपोटी काही रक्कम मास्तरांनी आधीच वजा केली होती, आणि वजाबाकीही बरोबर होती.

“घ्या साहेब,” मिस्त्री म्हणाले. “ह्यात जे वाईट हाय ते वहीत हाय.”

गाडी घेतली. फॉर्म २९ व ३० भरले. मोटार वाहन कायद्याप्रमाणे विकणाऱ्याने चौदा आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत कळवावयाचे असते, मास्तरांनी ते दुसऱ्याच दिवशी कळवले. नंबर कल्याणचा, म्हणजे एमएच-०५, तो राज्यातल्या राज्यात बदलत नाही, ह्याचे शल्य साडूभाऊंसारख्या जन्मजात एमएच-०४ ठाणेकरास अजून आहे. कल्याणच्या चंदेरी गाडीची जाहिरात चालूच असून किंमत उतरली आहे, आणि वर्णनात ‘अत्यंत स्वच्छ धुतलेली’ असे एक विशेषण वाढले आहे. वाचकांपैकी कोणी पाहावयास जाणार असल्यास सरबत अवश्य घ्यावे, पट्टा शेवटपर्यंत ओढावा, आणि पाण्याविषयी तोंडी न विचारता लेखी विचारावे.