फाटक्या आवाजाची मशागत

रोहण्यात आवाज फाटला की माणूस बोलावतात. भजनाच्या माईकचा फाटला तर आर्वीहून, लग्नातल्या डीजेचा फाटला तर पुलगावहून. तो माणूस बॉक्स खोलतो, कागदी कोनाला गेलेली चीर चारचौघांना दाखवतो, नवा कोन बसवतो आणि चहा पिऊन जातो. अशा गावात मी आवाज फाडायला लाखभर रुपयांचं यंत्र आणून ठेवलंय. घरच्यांची समजूत अजून घालतोच आहे.

खरं तर आवाज मुद्दाम फाडण्याचा हा उद्योग इंग्लंडात आधीच होऊन गेलाय. १९६४ साली ‘द किंक्स’ बँडच्या डेव्ह डेव्हिसनं आपल्या छोट्या अ‍ॅम्प्लिफायरचा कोन ब्लेडनं चिरला आणि त्या चिरलेल्या कोनातून ‘यू रिअली गॉट मी’ वाजवलं. गाणं तिकडं पहिल्या नंबरवर गेलं. हा इतिहास मी बॉक्स दुरुस्त करणाऱ्याला रंगवून सांगितला. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “मंग तेवढे पैसे आल्यावर त्यानं कोन बदलला का नाई?”

माझ्या यंत्राला अ‍ॅम्प मॉडेलर म्हणतात. मार्शल, मेसा बूगी, पीव्ही ५१५० असले दोन माणसांनी उचलायचे गिटारचे अ‍ॅम्प्लिफायर त्यात गणिताच्या रूपानं बसवलेले असतात. व्हॉल्व्ह तापायची वाट पाहायला नको, कोन चिरायला नको. शेजारचे काकाजी कोणतीही किंमत सोयाबीनमध्ये मोजतात. त्यांनी २०२४च्या ४,८९२ रुपये हमीभावानं हिशेब लावला, “वीस क्विंटल.” मग थोडं थांबून, “अन् व्यापाऱ्याच्या भावानं पंचवीस. यातून गाणं निंगते का?”

निघतं, पण लगेच नाही. गिटारवर मेटल संगीत वाजवणाऱ्याला हवा असतो ‘टाइट’ आवाज. उजव्या तळहाताची कड ब्रिजजवळ तारांवर टेकवून खर्जाची तार छेडायची. प्रत्येक ठोका सुटा, कोरडा, जागच्या जागी संपलेला यायला हवा. यंत्र हातात आल्यावर मात्र सगळे जण एकच करतात, गेनचं बटण दहावर नेतात. त्यानं आवाज मोठा भासतो आणि ठोके एकमेकांत विरघळतात. कारण साधं आहे. गेन वाढवणं म्हणजे लहरींचे शेंडे छाटणं. शेंडे जितके छाटाल तितका हळू आणि जोरात यातला फरक संपतो. शिवाय खर्जात ताकद जास्त, त्यामुळे छाटणी आधी त्याची होते आणि तो बाकीच्या सुरांनाही सोबत घेऊन बुडतो. गिटारची सगळ्यात जाड तार ८२ हर्ट्झवर बोलते. पोरं ती आणखी उतरवून ७३ वर नेतात आणि वर बेसचं बटणही वाढवतात. मग भिंतीवरचं कॅलेंडर हलतं, पण वाजवलेली सुरावट, म्हणजे रिफ, काय होती ते कळत नाही.

यावरचा उपाय जपानी आहे. आयबानेझ कंपनीचं टीएस८०८, म्हणजे ट्यूब स्क्रीमर, हे हिरवं पेडल १९७९च्या सुमारास आलं. ते ७२० हर्ट्झच्या खालचा भाग फारसा फाडत नाही, मधला भाग पुढं काढतं आणि आवाज जरासा नाकात बोलल्यासारखा करतं. मेटलवाले ते अ‍ॅम्पच्या आधी लावतात, लेव्हल पूर्ण आणि ड्राइव्ह शून्यावर. आवाज फाडायला बनवलेल्या पेडलचं फाडायचं बटणच शून्यावर! हे मला पुस्तकी पद्धतीनं माहीत होतं. पटलं ते गावातल्या मृदंगवाल्या बाबांमुळं.

आमचा मुलूख तुकडोजी महाराजांच्या खंजेरीचा. इथं पाचवीतलं पोरगंही कातडं ताणलेलं आहे की ढिलं पडलंय ते लांबून सांगतं. बाबा तर सप्ताहात मृदंगावर बसणारे. ते आमच्याकडं वाटाणे मागायला आले होते, माझं वाजवणं ऐकून खाटेवर टेकले. मला वाटलं, आता ‘बंद कर’ म्हणतील. ते म्हणाले, “धुमेले कणीक गंज झाली बाप्पा.”

गंज म्हणजे फार, आणि मृदंगाची डावी बाजू म्हणजे धूम. तिच्यावर ओल्या कणकेचा गोळा थापतात, त्यानं खर्ज येतो. बाबांनी नातवाला पाठवून मृदंग आणवला, आईकडून मूठभर कणीक घेतली आणि भरपूर थापून एक थाप दिली. भुसभुशीत ‘धुम्म’ आला आणि बराच वेळ घरात फिरत राहिला. त्यांनी नखानं कडेची कणीक खरवडली, पुन्हा थाप. पुन्हा खरवडली, पुन्हा थाप. चौथ्या खेपेला आवाज असा आला की आला आणि गेला, दोन्ही कळलं. मी म्हटलं, “बाबा, मी बेस नंतर कमी करतो ना, शेवटी.” बाबांनी माझ्याकडं दयेनं पाहिलं. “वाजवून झाल्यावर कणीक खरवडून काय फायदा गा?”

आवाज फाटायच्या आधी खर्ज काढायचा, नंतर हवा तर थोडा परत द्यायचा. यासाठी लोक तासतासभर व्हिडिओ बघतात. बाबांनी त्या बदल्यात वाटाणे आणि उरलेली कणीक नेली. त्या संध्याकाळी गेन दहावरून चारवर आला, ड्राइव्ह शून्यावर गेला, आणि शेवटी १०० हर्ट्झच्या खालचं आणि ८,००० च्या वरचंही छाटलं. वरची ती सुरसुर तशीही कोणाच्या कामाची नसते.

मग उरला नॉइज गेट, म्हणजे ठरावीक पातळीखालचा आवाज अडवणारा दरवाजा. एवढ्या गेनवर गिटार गप्प असली तरी यंत्र गप्प नसतं. भिंतीतली ५० हर्ट्झची वीज आणि तिची १००, १५०ची पिल्लं त्यातून गुणगुणतात. मे महिन्यात भर म्हणून कूलरची मोटर, आणि रात्री शेतातले पंप सुरू झाले की दिव्यासकट सगळाच सूर खाली येतो. वायरमनभाऊंनी निदान केलं, “अर्थिंग सुकली.” अंगणातल्या अर्थिंगच्या खड्ड्यात मिठाचं पाणी ओतलं, तेव्हा अर्धी गुणगुण गेली. उरलेली गेटनं अडवली. गेटची मर्यादा फार वर ठेवली तर लांबवलेला सूर अर्ध्यात कापला जातो, फार खाली ठेवली तर कूलर बँडमध्ये सामील होतो. मधली जागा सापडली तेव्हा मी एक रिफ वाजवून हात थांबवला. इतकी ठार शांतता पसरली, की स्वयंपाकघरातून आईनं विचारलं, “लाईन गेली का रे?”

टाइट आवाजाला यापेक्षा मोठी दाद मला ठाऊक नाही.

एक भानगड मात्र बाकी होती. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ साली दाखवून ठेवलंय की हळू आवाजात माणसाच्या कानाला खर्ज कमी ऐकू येतो. म्हणजे गाव झोपल्यावर हळूच लावलेला टोन मोठ्यानं वाजवला की त्यात बेस उफाळून येणारच. टोन मोठ्या आवाजातच लावायला हवा, आणि रोहण्यात मोठा आवाज करायची रीतसर मुभा म्हणजे देवीचे नऊ दिवस, तेही रात्री दहापर्यंत. मंडळाची पोरं तयार झाली. ऑक्टोपॅडवाल्याच्या शेजारी मला जागा मिळाली. त्या पोराचं मला कौतुक वाटलं. रबराच्या पट्टीवर काडी मारून तो ढोलकी, ताशा, संबळ सगळं काढत होता आणि त्याला कोणी विचारत नव्हतं की खरी ढोलकी कुठाय.

माझी वायर साऊंडवाल्याच्या मिक्सरला गेली. समोर अठरा इंची बेसचे बॉक्स एकावर एक रचलेले, आणि मिक्सरवर बेसचं बटण असं फिरवून ठेवलेलं की त्यापुढं जागाच नव्हती. पहिल्या ठोक्याला मंडपाच्या झालरी उडाल्या. बाबा पुढच्या सतरंजीवर बसले होते. त्यांनी लांबूनच नखानं हवेत खरवडून दाखवलं.

मी साऊंडवाल्याला म्हटलं, “भाऊ, माझ्या लाईनचा बेस कमी करा.”

“कमी? कायले?”

“आवाज सुटा यायला पाहिजे.”

त्यानं विचार केला. “कराले हरकत नाई. पण त्याचे दोनशे लागतील.”

“कमी करायचे पैसे?”

“जास्त तं फुकटच असते ना भाऊ. सगळेच जास्त मांगतात, तसंच सेट करून आणलं मी. तुह्यासाठी बॉक्सच्या मांगं जाऊन क्रॉसओव्हर फिरवा लागीन.”

मिक्सरवरच चिकटवलेला क्यूआर कोड स्कॅन करून मी दोनशे रुपये पाठवले. तो टॉर्च घेऊन बॉक्सच्या मागं गेला आणि जाता जाता ऑक्टोपॅडवाल्याला ओरडला, “तुह्याले पायजे का कमी? दोघाईचे तीनशेत करतो!”