सावली फुकट, ट्यूब विकत

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात गडहिंग्लजमध्ये एक दिवस असा येतो, की दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि माणसाची सावली पायाखाली गडप होते. पोरांना हा शून्य सावलीचा दिवस जरूर दाखवा. पण टोपी घालून.

याच दिवसांत मेडिकलच्या काउंटरवर पालक सनस्क्रीन मागतात. पहिला प्रश्न, ‘लहान मुलांना चालतं ना?’ दुसरा लगेच, ‘काळं पडणार नाही ना?’ पोर भाजेल याची धास्ती कमी, सावळं होईल याची जास्त. २०२० मध्ये ‘फेअर अँड लव्हली’नं नावातलं ‘फेअर’ काढलं.

आपल्या डोक्यातलं कधी निघणार?

सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल, तर ट्यूब घेऊच नका. त्याची कातडी पातळ, वजनाच्या मानानं अंग मोठं. लावलेलं जास्त प्रमाणात आत शोषलं जाण्याची भीती. त्याला हवी सावली, सुती झबलं आणि कुंची. आज्जीला हे लेबल न वाचता माहीत होतं.

त्यापुढच्या मुलांसाठी घ्यायचंच, तर ट्यूब उलटी करा. पुढे ‘किड्स’ लिहिलेलं असतं, खरी माहिती मागे असते. झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड शोधा. हे घटक कातडीवरच राहून अतिनील किरण अडवतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २०१९ मध्ये सोळा घटक तपासायला घेतले. सुरक्षित आणि परिणामकारक म्हणून पुढे ठेवले फक्त हे दोन. बारांसाठी आणखी पुरावा मागितला, उरलेले दोन नाकारले.

ट्यूबवरचं कार्टून हा पुरावा नव्हे.

आता आकड्यांचा खेळ. एसपीएफ ३० भाजणारे किरण सुमारे ९७ टक्के अडवतो, ५० सुमारे ९८. एका टक्क्यासाठी किती पैसे मोजणार? ३० पुरे, मात्र ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ लिहिलेलं हवं. आणि छापलेला आकडा खरा कशावरून? एप्रिल २०२५ मध्ये हिंदुस्थान युनिलिव्हर आणि होनासा या दोन कंपन्या एसपीएफच्या जाहिरातीवरूनच न्यायालयात भिडल्या. विकणाऱ्यांचाच एकमेकांवर विश्वास नाही, मग आपण डोळे का मिटायचे?

आकडा खरा असला तरी तो जाड थराचा असतो. वाटाण्याएवढा ठिपका तोंडभर पसरलात, तर ३० चे ३० मिळत नाहीत. दर दोन तासांनी पुन्हा लावा. पोरगं हिरण्यकेशीत डुंबून आलं, तर लगेच. झिंकनं तोंड पांढरं दिसतं? दिसू द्या. स्प्रे मात्र नको, तो नाकातोंडात जातो. वासाचंही नको. आधी हातावर थोडं लावून एक दिवस बघा.

पण दहा ते चार उन्हात उभं करून वर मलम चोपडायचं, याला काळजी म्हणत नाहीत. फुटबॉलवेड्या या गावात पोरं मैदानावर येणारच, यायलाच हवीत. सामने सकाळी आठला घ्यायला कुणाची हरकत आहे?

कित्येक शाळांच्या गणवेशात टाय आहे, टोपी नाही. गळा आवळायची सक्ती, डोकं झाकायची नाही! पुढच्या पालकसभेत आधी टोपी मागा. ट्यूब कोणती, ते मग विचारा.