गुन्हा कितव्या तासाला?

कादंबरीचं एक अक्षर लिहिण्याआधी मी पुरस्काराला उत्तर देणारं भाषण लिहून ठेवलं. 'किशोरांसाठी लिहिणं सर्वांत अवघड' हे वाक्य त्यात दोनदा होतं. दुसऱ्यांदा म्हणताना किंचित थांबायचं, अशी कंसात सूचनाही. मलपृष्ठावरचा फोटोही ठरला होता : हनुवटीखाली हात, नजर दूर कुठेतरी. राहता राहिली कादंबरी. हायस्कुलात घडणारी रहस्यकथा. भा. रा. भागवतांनी फुरसुंगीच्या बनेश फेणेला पुण्याच्या विद्याभवनात घातलं, बुडाखाली सायकल दिली, तोंडी 'ट्टॉक' दिलं आणि पोरं पुस्तकाला चिकटली ती चिकटलीच. कृष्णाकाठाला त्याच्या तोडीचा फेणे देण्याची जबाबदारी नियतीने माझ्यावर टाकली आहे, अशी माझी प्रामाणिक समजूत.

गुन्हा साताऱ्यात घडवावा की सांगलीत? मी सांगलीचा, सासुरवाडी साताऱ्याची. तेव्हा प्रश्न निव्वळ साहित्यिक नव्हता. साताऱ्यात रहस्य टिकत नाही, हे माझं ठाम मत. सकाळी पोवई नाक्यावर झालेली गोष्ट संध्याकाळी राजवाड्यावर तिखटमीठ लावून मिळते. बायकोच्या मते सांगलीत रहस्य सुरूच होत नाही, कारण भडंग संपल्याशिवाय गुन्हेगार जागचा हलत नाही. पण सांगलीची सोय बघा ना! हळदीची एवढी मोठी पेठ. बोटांचे ठसे घ्यायला वेगळी पावडर कशाला? भडंगातला तळलेला लसूण तर पुरावा म्हणून हायकोर्टातही टिकेल. शिवाय पूर. पावसाळ्यात इथे माणूस भेटला की खुशाली नंतर, आधी 'आयर्विन पुलाला किती फूट?' 40 ला इशारा, 45 ला धोका. 2019 च्या ऑगस्टात पाणी 57 च्याही वर गेलं. माझ्या कादंबरीत हेच पाणी शाळेच्या ऑफिसात शिरतं, कपाटाच्या खालच्या कप्प्यातलं जनरल रजिस्टर भिजतं आणि चिखल काढताना लक्षात येतं, की त्यातलं एक पान नाही. वाहून गेलेलं नाही, फाडलेलं! हे वाक्य जमलं म्हणून मी त्या दिवशी पुढचं काही लिहिलंच नाही.

एका पानाचं एवढं काय, असं कुणी विचारलं तर उत्तर साताऱ्यात होतं. तिथल्या सरकारी हायस्कूलच्या, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलच्या रजिस्टरात, 1914 या क्रमांकापुढे भिवा रामजी आंबेडकर हे नाव आहे. तारीख 7 नोव्हेंबर 1900. ज्याला वर्गात शिरायचीच मारामार, त्याचं शाळेत नाव लागलं. ती ओळ आठवली की माझे विनोद जरा वेळ बाजूला बसतात.

पहिलं प्रकरण अकरावीतल्या भाचीला वाचायला दिलं.

"मामा, हा मुलगा तपास कधी करतो?"

"शाळा सुटल्यावर."

"मग क्लासला कोण जातं?"

तिचं नाव एका कॉलेजात आहे. हजेरीही तिथल्याच मस्टरवर लागते. ती स्वतः मात्र सकाळी सातपासून भलत्याच इमारतीत नीटचे एमसीक्यू सोडवते आणि रात्री घरी येऊन रोजच्या सरावाच्या डीपीपीवर डोकं टेकते. मी फाडलेल्या पानाचं रहस्य रचत बसलो होतो. इथे पान शाबूत, नावं ओळीने, पोरं गायब. तक्रार कुणाचीच नाही, कारण कॉलेज, क्लास आणि आईबाप सगळेच कटात सामील, वर फी हप्त्याने. फेणेला सायकलवर उंडारायला मोकळ्या दुपारी होत्या. या पोरीची सायकल गॅलरीत उभी आहे आणि तिच्यावर टॉवेल वाळतात, हे बघून खरंच संताप येतो. 2017 च्या सिनेमात फेणेही मेडिकलच्या प्रवेश परीक्षेच्या भानगडीतच अडकला होता. त्या लोकांना जग माझ्याआधी कळलं असावं.

मी चोरी रविवारवर ढकलली.

"रविवारी टेस्ट असते, मामा."

मग तिनेच माझ्या हातातलं पेन घेतलं, समासात बाण काढला आणि म्हणाली, "मंगळवारी घे. फिजिक्सचे सर उशिरा येतात, वीस मिनिटं मिळतात. पण चोर आमच्या बॅचचा दाखवू नकोस हं, कुणाला पटणार नाही."